रात्रभर उपाशी, तरी सकाळी शुगर १६२! ही साखर येते कुठून?

माझी आते गोव्यात डिचोलीला असते. वय ६८, शुगर गेली अकरा वर्षं, गोळी कधी चुकवत नाही, गोड म्हणाल तर चवथीला नेवरीचा अर्धा तुकडा, बस. परवा सकाळी साडेसहालाच तिचा फोन आला. "बाय, काल साताला वाटीभर पेज घेतली, बरोबर थोडी भाजी, त्यानंतर पाणी सोडून कायच नाही. झोपताना १३८ होती. आता मशीनवर १६२ दाखवतंय. मी खाल्लंच नाही तर ही साखर आली कुठून?"

तिला वाटत होतं मशीन बिघडलंय. मशीन ठीक आहे. साखर तिच्याच शरीरातून आली, तिच्या लिव्हरमधून, आणि का आली हे कळायचं तर पेशी एकमेकींना निरोप कसा पाठवतात, तो ऐकतात कसा आणि कधी कधी ऐकेनाशा का होतात हे बघावं लागतं. मी बायोकेमिस्ट्री शिकवते, हा धडा दर वर्षी शिकवते, पण आतेला फोनवर सांगताना लक्षात आलं की हे सगळं आपल्या भाषेत नीट लिहिलेलं फारसं सापडत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक हिशोब करू. अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, म्हणजे ५० डेसीलिटर. शुगर १०० असेल तर प्रत्येक डेसीलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम ग्लुकोज, सगळं मिळून ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर! अख्ख्या रक्तात एवढीच. आतेची १६२ म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास. एका कप चहात काही जण याहून जास्त साखर घालतात. मेंदू तर एकटाच तासाला साधारण ५ ग्रॅम ग्लुकोज खातो, झोपेत सुद्धा. म्हणजे रक्तातला हा चमचाभर साठा कुणी भरत राहिलं नाही तर तासाभरात संपेल. तो भरतं लिव्हर. उपाशी असताना लिव्हर तासाला सात-आठ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असतं, आधी साठवलेल्या ग्लायकोजेनमधून (म्हणजे ग्लुकोजच्या साठ्यातून) आणि जोडीला प्रोटीनचे तुकडे, लॅक्टेट, चरबीतलं ग्लिसरॉल असलं काहीबाही वापरून नवीन बनवून. रात्रभरात हे साठ ग्रॅमच्या वर जातं. तर प्रश्न साखर कुठून आली हा नाहीच, ती रोज येते, माझ्या लिव्हरमधूनही काल रात्री आली. प्रश्न हा की आतेचं लिव्हर वेळेत थांबलं का नाही.

थांबायला त्याला कुणीतरी सांगायला लागतं, आणि ते सांगणं म्हणजे इन्सुलिन.

आता आपल्याकडे गोव्यात सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो तो डोळ्यासमोर आणा. सायकल, मागे प्लास्टिकनं झाकलेली टोपली, आत गरम पोई आणि उंडे, आणि पों पों हॉर्न. पोदेर कुणाच्या घरात शिरत नाही. तो गल्लीत हॉर्न वाजवतो, घरातलं कुणीतरी ऐकतं, कडी काढतं, पिशवी घेऊन बाहेर येतं आणि मग पाव आत जातो. इन्सुलिन तो हॉर्न आहे, ग्लुकोज म्हणजे पाव, आणि पेशी म्हणजे घर. बऱ्याच लोकांना वाटतं इन्सुलिन साखरेला धरून पेशीत ढकलतं, तसं नाही, ते नुसता आवाज देतं, बाकी सगळी धावपळ घराच्या आत होते. आणि मधुमेहात बिघडतं ते बहुतेक या आतल्या धावपळीत, म्हणून मला वाटतं नुसतं "साखर वाढली" म्हणून हा आजार कळत नाही.

हॉर्न वाजवतात स्वादुपिंडातल्या बीटा पेशी. त्यांना कळतं कसं की रक्तात साखर वाढली? ग्लुकोज त्यांच्यात शिरतं, जळतं, त्यातून एटीपी म्हणजे पेशीचं इंधन तयार होतं, एटीपी वाढलं की पेशीच्या भिंतीतली पोटॅशियमची एक वाट बंद होते, त्यामुळे भिंतीवरचा विजेचा दाब बदलतो, कॅल्शियमची वाट उघडते, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या भरून ठेवलेल्या पुड्या बाहेर फुटतात. ग्लिमेपिराइड ही गोळी बरेच लोक घेतात, आतेच्या गोळीतही ती आहे, ती थेट जाऊन ही पोटॅशियमची वाटच बंद करते, साखर वाढलेली असो नसो. म्हणून त्या गोळीवर जेवण चुकवलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, हे आतेला मी तीनदा सांगितलंय.

इन्सुलिन तसं छोटंसं प्रोटीन, ५१ अमिनो आम्लं, दोन साखळ्यांत गुंफलेली. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळं काढलं, आणि १९२२ च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं. त्याआधी टाइप १ मधुमेह, म्हणजे ज्यात बीटा पेशीच नष्ट होतात तो, झालेलं मूल वाचत नसे. शंभर वर्षं होऊन गेली, पण हा हॉर्न पेशीच्या दारावर नेमका कसा ऐकला जातो त्याचं स्पष्ट चित्र अगदी अलीकडचं आहे. दारावर इन्सुलिन रिसेप्टर, म्हणजे हॉर्न ऐकणारं प्रोटीन, असतो, अर्धा बाहेर, अर्धा आत. प्रोटीनला झटक्यात गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याचे फोटो काढायचं क्रायो-ईएम नावाचं तंत्र आलं, त्याला २०१७ चं नोबेल मिळालं, आणि २०१८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत या रिसेप्टरची चित्रं बाहेर पडली. रिकामा रिसेप्टर उलट्या व्ही सारखा असतो, त्याचे दोन पाय लांब लांब. इन्सुलिन बसलं की तो वाकून टी चा आकार घेतो आणि दोन्ही पाय जवळ येतात. एका रिसेप्टरवर चार चार इन्सुलिन बसलेली सुद्धा दिसली. मी पुस्तकातून शिकले तेव्हा तिथे एक गोल आणि एक बाण एवढंच काढलेलं होतं, त्यामुळे ती चित्रं पहिल्यांदा बघताना मी बराच वेळ स्क्रीनसमोरून हलले नव्हते.

पाय जवळ आले की काय होतं? आतली दोन टोकं एकमेकांवर फॉस्फेट चिकटवतात. फॉस्फेट ही पेशीची खूणगाठ समजा, ज्या प्रोटीनवर ती बांधली त्याचं वागणं बदलतं. मग आयआरएस नावाचं प्रोटीन येऊन तिथे टेकतं, त्याच्यावरही खूणगाठ, त्याला बघून पीआय-थ्री कायनेज येतं, ते भिंतीच्या आतल्या बाजूच्या चरबीवर एक खूण उमटवतं, त्या खुणेकडे एकेटी नावाचं प्रोटीन ओढलं जातं आणि तिथे जागं होतं. नावं विसरलात तरी चालेल, एकेटी तेवढं ध्यानात ठेवा, घरात हॉर्न ऐकून सगळ्यांना कामाला लावणारी जी बाई असते ना, ती ही.

स्नायूच्या पेशीत एकेटीचं काम दार आणणं. हो, आणणं! ग्लुकोज आत घ्यायची दारं, ग्लुट-४ म्हणतात त्यांना, एरवी भिंतीत नसतातच, पेशीच्या पोटात छोट्या फुग्यांत गुंडाळून ठेवलेली असतात, आणि एक प्रोटीन त्या फुग्यांना ब्रेक लावून बसलेलं असतं. एकेटी त्या ब्रेकवर खूणगाठ बांधतं, ब्रेक सुटतो, फुगे भिंतीकडे जातात, भिंतीत मिसळतात आणि दारं बाहेरच्या बाजूला उघडी होतात. सगळं काही मिनिटांत. इन्सुलिन ओसरलं की दारं परत आत ओढली जातात. दारं अशी आत-बाहेर जातात हे १९८० मध्ये दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं, तोवर लोकांना वाटायचं दारं भिंतीतच असतील आणि इन्सुलिन फक्त कडी काढत असेल.

लिव्हरचं काम वेगळं. लिव्हरला साखर घ्यायला ग्लुट-४ लागत नाही, तिथे एकेटीचं काम कारखाना बंद करणं. ग्लुकोज बनवणारी एन्झाइम्स ज्या जीन्सवरून तयार होतात ती चालू ठेवणारा एक मुकादम असतो, फॉक्सओ-१, तो केंद्रकात बसून काम करून घेतो. एकेटी त्याच्यावर खूणगाठ बांधतं आणि त्याला केंद्रकाबाहेर काढतं, मुकादम बाहेर म्हणजे कारखाना मंद. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी लिव्हरलाच पोचतं, बाकी अंगाला नंतर, त्यामुळे रात्री अगदी थोडं थोडं इन्सुलिन झिरपत असलं तरी निरोगी लिव्हरला तेवढा हळू आवाज पुरतो.

आतेच्या लिव्हरला तो पुरत नाही. त्यात पहाटे तीन-चारच्या पुढे अंग उठायची तयारी करतं, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन चढतात, ते लिव्हरला "काढ काढ" म्हणतात. ज्याचं इन्सुलिन नीट ऐकलं जातं त्याच्यात हे सावरलं जातं, पत्ताही लागत नाही. आतेच्यात सावरत नाही आणि १३८ चे १६२ होतात. फरक किती, तर सगळ्या रक्तात मिळून सव्वा ग्रॅम. ती घेते त्यातली मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः याच कारखान्याला आवर घालते.

पण ऐकू का येत नाही? माझ्या मते सगळ्या विषयातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. पोदेराकडे परत येऊ. समजा घरात कालचे पाव पडलेत, परवाचेही पडलेत, फडताळात जागा नाही. हॉर्न वाजला तरी कुणी उठत नाही. पोदेर अजून जोरात वाजवतो, दोनदा, चारदा, म्हणजे बीटा पेशी जास्त जास्त इन्सुलिन सोडतात, आणि कितीतरी वर्षं असं चालतं, शुगर रिपोर्टमध्ये नॉर्मल दिसत राहते कारण आवाज वाढवून काम भागवलं जातंय. शेवटी वाजवणारा थकतो, बीटा पेशी मान टाकायला लागतात, तेव्हा रिपोर्ट बिघडतो. म्हणजे रिपोर्ट बिघडला त्या दिवशी आजार सुरू झाला असं नसतं, तो कधीचाच आत आलेला असतो.

फडताळातले शिळे पाव म्हणजे मुख्यतः चरबी, पण पोटाच्या घडीतली नव्हे, लिव्हरच्या आणि स्नायूंच्या पेशींच्या आत साठलेली, जिथे ती असायला नको. येल विद्यापीठातल्या जेराल्ड शुलमन यांच्या गटाने या चरबीचा एक अर्धवट तुकडा पकडला, डायअसिलग्लिसरॉल. तो लिव्हरच्या पेशीत भिंतीपाशी जमला की पीकेसी-एप्सिलॉन नावाचं एन्झाइम जागं होतं, आणि ते जाऊन इन्सुलिन रिसेप्टरवरच चुकीच्या जागी खूणगाठ बांधतं. रिसेप्टरची अमिनो आम्लं नंबरांनी ओळखतात, त्यातलं माणसात ११६० नंबरचं, उंदरात त्याच जागेवरचं ११५०. २०१६ मध्ये त्यांनी उंदरात हे एकच अमिनो आम्ल असं बदललं की तिथे गाठ बांधताच येऊ नये, आणि त्या उंदरांना चरबीचं खाणं देऊनही त्यांचं लिव्हर इन्सुलिनचं ऐकत राहिलं. हजाराहून जास्त अमिनो आम्लांतलं एक! सगळे संशोधक एवढ्या एका कारणावर समाधानी नाहीत, सेरामाइड नावाच्या दुसऱ्या चरबीकडे बोट दाखवणारेही आहेत आणि त्यांच्याकडेही पुरावा आहे, आणि चरबीच्या पेशींतून सुटलेली चरबी लिव्हरला पोचून त्याला साखर बनवायला भाग पाडते हेही २०१५ पासून चांगलं पुढे आलंय. बहुतेक हे सगळं एकाच वेळी चालत असावं.

आणि एक विचित्र गोष्ट आहे. बिघडलेलं लिव्हर निरोप पूर्ण विसरत नाही, अर्धाच विसरतं. इन्सुलिन त्याला दोन गोष्टी सांगतं, साखर बनवणं थांबव आणि चरबी बनव. पहिली ते ऐकत नाही, दुसरी ऐकतं, आणि इन्सुलिन तर भरपूर वाजतंय, त्यामुळे साखरही बनते आणि चरबीही. कोलेस्टेरॉलवरच्या कामासाठी नोबेल मिळालेल्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी २००८ मध्ये हा विरोधाभास मांडला. शुगर असलेल्या माणसाच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेली असं जे जोडीनं दिसतं त्याचं मूळ यात आहे.

आते यावर म्हणाली, "पण मी कुठे जाडी आहे?" नाही, ती काटकुळी आहे. इथे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३, दोघंही दिसायला सडसडीत. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. स्वतःच्याच शरीराचं उदाहरण देऊन त्यांनी दाखवलं की आपल्या लोकांत वजनकाटा बारीक सांगतो तेव्हाही आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. स्नायू कमी म्हणजे पाव घेणारी घरंच कमी. आणि २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो मोठा सर्व्हे आला त्यात देशात मधुमेह ११.४ टक्के आणि आपल्या गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत पहिला नंबर. चार मोठ्या माणसांत एकाहून जास्त. तो आकडा वाचला तेव्हा मी आमच्या वाड्यावरची घरं मनात मोजत गेले, आणि आकडा खोटा वाटला नाही.

आता मागच्या दाराची गोष्ट, जी सांगायला मी खरं तर एवढी वाट बघत होते. घरात कुणीतरी अंगमेहनत करून आलंय, भुकेनं कासावीस आहे, तो पोदेराच्या हॉर्नची वाट बघेल का? तो मागचं दार उघडून स्वतःच गल्लीत येईल. स्नायूची पेशी आकुंचन पावते तेव्हा एटीपी खर्च होतं आणि एएमपी नावाचा उरलेला सांगाडा वाढतो, तो वाढला की एएमपीके नावाचं प्रोटीन जागं होतं, पेशीतलं इंधन कमी झाल्याची सूचना देणारं, आणि ते आणि त्याच्या जोडीला आकुंचनातूनच निघालेले दुसरे सिग्नल मिळून तीच ग्लुट-४ ची दारं भिंतीवर आणतात. इन्सुलिन नको, रिसेप्टर नको, वरची ती सगळी साखळी नको. आणि आतेसारखा टाइप २ मधुमेह असलेल्या माणसांच्या स्नायूंत इन्सुलिनची वाट बिघडलेली असली तरी ही वाट बऱ्यापैकी शाबूत असते, सायकल चालवायला लावून त्यांच्या स्नायूंचे तुकडे तपासून हे दाखवलंय. म्हणून जेवल्यानंतर चालायला सांगतात ती नुसती "चाला, बरं असतं" छाप सूचना नाही. शीत-कडी जेवून उठल्यावर त्यातली साखर रक्तात यायला लागते नेमकी तेव्हाच पायाच्या मोठ्या स्नायूंत दुसरं दार उघडायचं, एवढा साधा त्यातला हिशोब आहे. चालताना जळतात त्या कॅलरीज वेगळ्या, पण माझ्यासाठी खरं मोल दार उघडण्याचं आहे.

औषधांतही निरोपाच्याच वाटा शोधल्या जातायत. जीएलपी-१ हा आतड्यातून निघणारा निरोप, जेवण आलं की निघतो, बीटा पेशीवरच्या दुसऱ्या रिसेप्टरवर बसतो आणि आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू वाढवून हॉर्नचा आवाज वाढवतो, पण साखर वाढलेली असेल तरच, हा त्याचा मोठा गुण. शिवाय मेंदूला पोट भरल्याचं कळवतो. अडचण एकच, रक्तात डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला दोनेक मिनिटांत कापून टाकतं. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिप्टिन असतं त्या या कात्रीला अडवतात. दुसरी वाट सापडली अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीच्या लाळेत, १९९० च्या आसपास डॉ. जॉन एंग यांना त्यात जीएलपी-१ सारखंच पण सहज न कापलं जाणारं प्रोटीन मिळालं, त्यावरून २००५ मध्ये पहिलं औषध आलं. आता सगळीकडे बोललं जातं त्या सेमाग्लुटाइडमध्ये जीएलपी-१ ला चरबीची एक शेपटी लावलीय, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रोटीनला चिकटून राहते, म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदा पुरतं. वजन कमी करायला कुणी स्वतःच्या मनानं घेऊ नये, डॉक्टरांनी बघून द्यायचं औषध आहे ते.

आणि २०२४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेलं एक काम वाचून मी त्याच संध्याकाळी आतेला फोन केला होता. इन्सुलिनच्या एका टोकाला अंगठीसारखा एक रेणू जोडला आणि दुसऱ्या टोकाला साखरेसारखा एक तुकडा. रक्तात साखर कमी असली की अंगठी स्वतःच्याच तुकड्याला धरते, इन्सुलिन मिटून जातं, फारसं काम करत नाही. साखर वाढली की खरं ग्लुकोज येऊन अंगठीत बसतं, तुकडा सुटतो, इन्सुलिन उघडतं. साखर किती आहे ते बघून स्वतःच चालू-बंद होणारं इन्सुलिन! उंदरांच्या जातीतले प्राणी आणि डुकरं यांच्यावर ते तपासलंय, माणसापर्यंत यायला वेळ आहे. पण रात्री शुगर खाली जाईल या भीतीनं ज्या घरात आई मुलाच्या उशाशी ग्लुकोजचा पुडा ठेवून जागते, त्या घरासाठी हे काय असेल ते मला सांगायला नको.

परवाच्या फोनवर हे सगळं झालं नाही अर्थातच, अर्ध्यात तिचा पोदेर आला. संध्याकाळी तिनं परत विचारलं, "ते मागचं दार एकदा उघडलं की किती वेळ उघडं राहतं?" मला प्रश्न फार आवडला. चालणं थांबलं की ते दार स्वतः दोन-तीन तासांत मिटत जातं. पण स्नायूतला साठा रिकामा झाल्यामुळे इन्सुलिनचा हॉर्न त्यांना पुढे एक-दोन दिवस जास्त चांगला ऐकू येतो, त्यानंतर परत पहिल्यासारखं. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको असं डॉक्टर सांगतात. ती म्हणाली, पावसात अंगणात जाता येत नाही, मग बाल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले तर चालेल का? चालेल, म्हटलं. जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटं.